एक पेर मलम आणि दोन तारखा

त्वचाविभागात माझ्या टेबलावर जाड टोकाचं एक काळं पेन असतं. ते सारखं कुणीतरी उचलून नेतं, म्हणून आता दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधून टाकलंय. डॉक्टर तपासून चिठ्ठी देतात आणि मलम नेमकं कसं लावायचं हे समजावून सांगायला पेशंटला माझ्याकडे पाठवतात. चिठ्ठीवर स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम असेल, तर तोंड उघडायच्या आधी मी पेन उचलते आणि ट्यूबच्या पाठीवर दोन तारखा लिहिते. पहिली आजची, दुसरी सातव्या दिवसाची.

"सिस्टर, ही दुसरी कशाची?" हा प्रश्न ठरलेला.

बंद करायची. सुरू करायची तारीख कुणी विसरत नाही, खाजच ती आठवण करून देते. बंद करायची आठवण द्यायला मात्र कुणी येत नाही, कारण तोवर खाज गेलेली असते आणि मलमावर आपला जीव जडलेला असतो.

आधी ट्यूब वाचायला शिका. वर मोठ्या अक्षरात छापलेलं नाव सोडून द्या, ते विक्रीचं नाव. खालची बारीक अक्षरं वाचा. तिथे एक नाव स्टेरॉइडचं असेल: हायड्रोकॉर्टिझोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, क्लोबेटासोल, यांपैकी काहीतरी. दुसरं अँटिबायोटिकचं: फ्युसिडिक ॲसिड, निओमायसिन, जेंटामायसिन. कधी बुरशीवरचं तिसरं औषधही त्यातच घातलेलं असतं. सगळ्या रोगांवर एकच ट्यूब, हे ऐकायला फार सोयीचं वाटतं. माझं मत विचाराल तर तीन-तीन औषधांची ट्यूब बघितली की मला आधी शंका येते, की रोग कुठला ते ठरवलंय की नुसताच नेम धरलाय.

नावापुढच्या टक्केवारीवर जाऊ नका. १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन सौम्य समजलं जातं. ०.१ टक्का बीटामेथासोन व्हॅलरेट जोरकस. आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल या सगळ्यांच्या वर, अतिजोरकस. आकडा लहान म्हणून औषध सौम्य, असा हिशेब करून एका बाईंनी नवऱ्याच्या कोपराचं क्लोबेटासोल स्वतःच्या गालाला लावलं होतं. ताकद औषधाच्या जातीवर ठरते, टक्क्यांवर नाही.

आता ही दोन औषधं एका ट्यूबमध्ये का घातली? इसब खाजवून खाजवून कातडी फुटते. फुटलेल्या जागी जंतू शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे. मग लस वाहते, वाळते, आणि वर मधासारखी पिवळसर खपली धरते. अशा जागी सूज आणि खाज स्टेरॉइड शमवतं, जंतूंचा समाचार अँटिबायोटिक घेतं. एवढंच काम. छोट्या जागेचं, थोड्या दिवसांचं. अंगभर पसरलेल्या संसर्गाला किंवा ताप असलेल्या माणसाला ही ट्यूब पुरत नाही. आणि ज्या इसबावर संसर्गाची काहीच खूण नाही, तिथे अँटिबायोटिकची गरज नाही.

यातलं लबाड औषध कोणतं म्हणाल, तर स्टेरॉइड. वाईट नाही, लबाड. ते लाली घालवतं. लाली कशाची होती हे ते विचारत नाही. जंतूंची असो, बुरशीची असो, ॲलर्जीची असो, शरीर जे भांडण करत असतं ते भांडणच ते मिटवतं, आणि आपण म्हणतो, गुण आला.

मीही म्हटलं होतं. दिवसभर दुसऱ्यांना शिकवणारी मी! दोन वर्षांपूर्वी कमरेला, कपडा आवळतो तिथे, रुपयाएवढा खाजरा चट्टा उठला. रात्री उशिरा घरी आले होते. खणात जाऊबाईंची अर्धी उरलेली ट्यूब होती, बीटामेथासोन आणि निओमायसिनची. मनात म्हटलं, घामानं झालं असेल, लावू दोन दिवस. दोन दिवसांत खाज गायब. पाचव्या दिवशी चट्टा जेमतेम दिसत होता. सोडलं. आठवड्यानं परत आला, या वेळी तळहाताएवढा. पुन्हा लावलं, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला गोल आकारही उरला नव्हता. कड विरून गेलेली, मधेच बारीक पुळ्या, सगळं फिकट गुलाबी आणि पसरट. मी स्वतः बघून त्याचं नाव सांगू शकले नसते.

लाज गुंडाळून आमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बोथट पात्यानं कडेचा कोंडा काचेवर खरवडून घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबून भिंगाखाली धरला आणि मला बोलावलं. बघा. फांद्या फुटलेल्या बारीक, लांबट, काचेसारख्या तारा. बुरशी. साधा गजकर्ण, ज्याला मी दीड महिना खायला-प्यायला घालून वाढवला होता. स्टेरॉइडनं रूप बदललेल्या या गजकर्णाचं नावच 'टिनिया इन्कॉग्निटो' आहे, म्हणजे वेश पालटलेला. १९६८ मध्ये दोन ब्रिटिश डॉक्टरांनी ते दिलं. तोंडातून घ्यायच्या गोळ्या आणि बुरशीवरचं मलम यांवर कित्येक आठवडे गेले तेव्हा कुठे तो कमरेवरून उतरला.

म्हणून पहिला नियम हाच, की चट्टा कशाचा आहे हे कुणा जाणत्यानं बघितल्याशिवाय ही ट्यूब उघडायची नाही. गोल, कडेला उठावदार, मधे साफ होत जाणारा चट्टा असेल तर गजकर्णाची शंका घ्या. ओठाच्या कडेला ताप फुटतो तशा पाण्याच्या पुळ्या, नागीण, कांजिण्या हे विषाणूंचे आजार, त्यावर स्टेरॉइड म्हणजे चोराला दार उघडून देणं. मुरुमांवर नको. चेहऱ्यावर नाक-गालांवर टिकून राहणारी लाली असते, तिच्यावर नको. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. या मलमानं ती तात्पुरती दबते आणि घरभर फिरत राहते.

नेमकं निदान झालं, चिठ्ठी मिळाली, आता लावायचं किती?

"थोडंसं" हे उत्तर मी टेबलावर चालू देत नाही. अंगठ्याशेजारचं बोट पुढे करा. टोकापासून पहिल्या घडीपर्यंतचा भाग म्हणजे एक पेर. ट्यूबचं तोंड साधारण ५ मिलिमीटरचं असतं. त्यातून पेरभर लांबीची मलमाची रेघ काढली की सुमारे अर्धा ग्रॅम होतो. तेवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटं जुळवून धरलेले मोठ्या माणसाचे पूर्ण दोन तळहात. हे माप लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये मांडलं आणि आजही त्याहून सोपं माप मला सापडलेलं नाही. तराजू नको, चमचा नको. माप आपल्या हातालाच आहे.

करून बघू. मनगटाच्या आतल्या बाजूला एका तळहाताएवढा चट्टा आहे. त्याला अर्धं पेर पुरे. चिठ्ठीत दिवसातून दोनदा लिहिलंय, म्हणजे रोज एक पेर, अर्धा ग्रॅम. सात दिवसांचे साडेतीन ग्रॅम. ट्यूब १५ ग्रॅमची. म्हणजे औषधोपचार पूर्ण, नीट, शिस्तीत झाल्यावरही ट्यूबमध्ये साडेअकरा ग्रॅम शिल्लक राहणारच! खणातली ती उरलेली ट्यूब कुठून येते ते कळलं ना? ती राहते म्हणजे तुम्ही कमी लावलं असं नाही. आणि संपवायलाच हवी असंही नाही. उलट तेवढ्याच चट्ट्याला ट्यूब तीन दिवसांत संपत असेल, तर थर फार जाड जातोय.

लावायची रीत. हात धुवा. चट्टा कोमट पाण्यानं हलकेच धुवा, मऊ कापडानं टिपून घ्या, घासू नका. पिवळी खपली भिजून सैल झाली असेल तर आपोआप निघेल तेवढी निघू द्या. नखानं उचकटू नका. जाड खपलीवर मलम थापलं तर ते खपलीलाच मिळतं, खालच्या कातडीला नाही. मग बोटावरची रेघ चट्ट्यावर चार-पाच ठिकाणी टेकवा आणि केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेनं हळू पसरवा. मालिश करायची नाही. पसरवल्यावर कातडीवर किंचित ओलसर चमक दिसली पाहिजे, पांढरा लेप दिसता कामा नये. लेप दिसला तर जास्त झालं. शेवटी परत हात धुवा, हातालाच लावायचं असेल तर सोडून. हे शेवटचं हात धुणं लोक टाळतात आणि त्याच बोटानं डोळे चोळतात.

कोरड्या कातडीसाठीचं साधं मऊ मलम तुम्ही लावत असाल तर ते चालू ठेवाच. आधी कोणतं, मागून कोणतं यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण दोघांमध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. लगेच लावलं तर औषध पातळ होतं आणि नको तिथेही पसरतं. त्या मऊ मलमाबद्दल एक सांगून ठेवते. कपड्यांत, पांघरुणांत मुरलं की ते कापड भराभर पेट घेतं. विस्तवाजवळ, सिगारेटजवळ सांभाळा, आणि कपडे नेमानं धूत राहा.

वर पट्टी बांधू नका, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय. पट्टीखाली, प्लास्टिकखाली औषध कित्येक पट जास्त मुरतं. बाळाचं डायपर म्हणजे पट्टीच. म्हणून त्या जागेला ही ट्यूब मनानं कधीच लावायची नाही.

कातडी सगळीकडे सारखी नसते, ही गोष्ट मला स्वतःला उशिरा उमगली. फेल्डमन आणि मायबाख या दोघांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिझोन शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावून किती मुरतं ते मोजलं होतं. कोपरापुढच्या हाताच्या आतल्या बाजूला एक धरलं, तर तळपायाला त्याचा सातवा हिस्सा, कपाळाला सहापट, जबड्याच्या कोपऱ्याला तेरापट, आणि पुरुषांच्या वृषणाच्या कातडीला बेचाळीसपट. तळपायाच्या जाड कातडीला महिनाभर सोसेल ते जांघेला आठवड्यात सोसणार नाही, याचं कारण या आकड्यांत आहे. चेहरा, मान, काखा, जांघा, स्तनांखालची घडी इथे जोरकस मलम लावायला सांगितलं असेल तर मी चिठ्ठी परत डॉक्टरांकडे नेऊन विचारते, राग आला तरी चालेल. पापण्यांवर तर नकोच. तिथलं औषध डोळ्यात उतरतं, आणि फार दिवस चाललं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही.

चेहऱ्यावर वर्ष-वर्ष लावणाऱ्यांचे गाल मी ओळखू लागलेय. झिरझिरीत कातडी, खाली लाल धाग्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या, तोंडाभोवती पुळ्या, गालावर लव वाढलेली. सावळ्या कातडीवर फिकट डाग पडतात. मांड्यांवर, काखेत वापरलं असेल तर गरोदरपणात पोटावर उमटतात तशा रेघा, आणि त्या रेघा जात नाहीत. मलम थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, आग होते. मग माणूस म्हणतो, मला तर मलमाशिवाय जमतच नाही. असं महिनोन् महिने झालं असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका. डॉक्टरांना खरं सांगा, किती दिवस आणि कोणती ट्यूब. रिकामी ट्यूब सोबत न्या. ते कसं सोडवायचं ते ठरवतील.

आता त्या दुसऱ्या तारखेकडे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज उतरते, पाणी सुटणं थांबतं. इथे काही जण लावणं सोडतात. सोडू नका, सांगितलेले दिवस पुरे करा. सातव्या दिवशी, किंवा चिठ्ठीत लिहिलं असेल त्या दिवशी, थांबा. या जोड मलमांची सर्वसाधारण हद्द दोन आठवड्यांची, त्याच्या पलीकडे फेरतपासणी झाल्याशिवाय जायचं नाही. संसर्ग गेल्यावरही इसब थोडं उरलं असेल तर बहुतेक वेळा डॉक्टर अँटिबायोटिक नसलेल्या साध्या स्टेरॉइडवर आणतात. कारण अँटिबायोटिक रेंगाळत, अधूनमधून, मनाला येईल तसं लावलं की जंतू त्याला सरावतात. फ्युसिडिक ॲसिडच्या बाबतीत हे झालेलं आहे. त्वचेवरच्या मलमांत त्याचा वापर वाढला तसे त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस वाढले. एक वेळ चुकली तर आठवेल तेव्हा लावा. पुढची वेळ आलीच असेल तर ती तेवढी एकदाच, दुप्पट नाही.

दिवसागणिक उतार पडण्याऐवजी चट्टा जास्त खाजू लागला, कड पुढे सरकू लागली, मलम जिथवर लागतं बरोबर तिथवरच लाली आली, तर मलमाचीच ॲलर्जी असू शकते. निओमायसिन यासाठी नावाजलेलं आहे. मलमातले सीटोस्टिअरिल अल्कोहोल, क्लोरोक्रेसॉल असे पूरक घटकही त्रास देतात. गंमत अशी की त्याच ट्यूबमधलं स्टेरॉइड ही ॲलर्जी अर्धीमुर्धी झाकून ठेवतं. त्यामुळे पेशंट म्हणतो, बरं पण होत नाही आणि वाढत पण नाही. हे वाक्य कानावर आलं की मी त्याला परत आत पाठवते.

काही गोष्टींत मात्र फेरतपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. ताप आला, लाली गरम होऊन पसरत चालली, दुखणं वाढलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. इसबावर अचानक एकसारख्या आकाराच्या पुळ्यांचे झुबके उठले आणि त्या फुटून टोच्यानं टोचल्यासारखे गोल खड्डे दिसू लागले, तर तो हर्पिस या विषाणूचा संसर्ग असू शकतो. लहान मुलांत तो झपाट्यानं पसरतो. रात्र असली तरी निघा.

मुलांचं माप घेताना बोट मोठ्या माणसाचंच धरायचं, मुलाचं नाही. जागा मात्र मुलाची, त्यामुळे रेघ आपोआप लहान होते. वर्ष-दोन वर्षांच्या बाळाच्या अख्ख्या हाताला पंजासकट दीड पेर पुरतं. बाळाच्या अंगाच्या मानानं कातडीचा पसारा मोठा असतो, औषध रक्तात जास्त जातं, आणि फार दिवस चाललं तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी सुस्तावते. अंगावर पाजणाऱ्या आईनं स्तनाग्राला लावू नये.

हे सगळं ऐकून काही जण ट्यूब परत माझ्याच टेबलावर ठेवतात. नको बाई स्टेरॉइड! तेव्हा मला दुसऱ्या बाजूनं बोलावं लागतं. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन कातडीवर लावून गुण येतो हे दाखवलं, त्याआधी इसबाच्या पेशंटकडे डांबराची मलमं आणि रात्रभर खाजवणं एवढंच होतं. घाबरून अर्ध्या पेराऐवजी राईएवढं लावणारी आई आणि सहा महिने लावत राहणारा कॉलेजचा मुलगा, दोघांचंही इसब बरं होत नाही. योग्य जागी, पुरेसं, मोजके दिवस लावलेल्या मलमानं कातडी पातळ झालेली मी पाहिलेली नाही.

राहिली उरलेली ट्यूब. झाकण घट्ट लावून, उष्णतेपासून लांब, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. उघडल्यावर किती दिवस चालते ते आतल्या कागदावर असतं, ते वाचा. मी तर उघडल्याची तारीखही ट्यूबवरच लिहून घेते. पुढच्या खेपेला चट्टा उठला तर डॉक्टरांना ती दाखवून विचारा, हीच चालेल का. शेजारणीला देऊ नका, बहिणीला देऊ नका, तिचा चट्टा तुमच्यासारखाच दिसत असला तरी. मुदत संपली की औषधाच्या दुकानात परत घेतात का विचारा, नाल्यात पिळू नका.

जाऊबाईंची ती ट्यूब मी पिळून रिकामी केली. टेबलावर तोंडाचा आकार दाखवायला तीच वापरते. मधे एकदा त्या स्वतःच तपासायला आल्या होत्या, त्यांनी ती ओळखली. "अगं, ही माझीच ना? मी घरभर शोधली!"